बांध मालकाचा, बुडणे कुळाचे!

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या एडवण-केळवे पट्टीतील शेतकऱ्याची नजर आभाळाआधी बांधाकडे जाते. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस दातिवऱ्यापाशी वैतरणेचे मुख, आणि मध्ये खाजणातली भातशेती. तिच्या आड उभा काय, तर मातीचा एक जुना बांध! भरतीचे खारे पाणी तो बाहेर ठेवतो, पावसाचे गोडे पाणी आत धरतो. उघाडीची झडप कुजली, खेकड्याने बीळ पाडले, पायथ्याशी पाझर लागला, की उधाणाच्या एका रात्रीत खांड पडते. मग मीठ धुऊन जाईपर्यंत दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत भात नाही. खांड तशीच राहिली तर आत कांदळवन वाढते, आणि त्याला हात लावावा तर कायदा आडवा येतो. जमीन सातबाऱ्यावर, पीक समुद्रात!

आता आम्ही विचारतो, हा बांध कोणाचा? खंड घेताना, आतल्या मासळीचा मक्ता देताना मालक पुढे, दुरुस्तीचे नाव काढले की शेटजी म्हणतात, "बांध सर्वांचा, सर्वांनी टोपल्या उचला." वाहवा रे न्याय! पूर्वी ठाणे-कुलाब्यात शिलोत्रीदार बिघ्यामागे भात घेत. पण त्याबदली बाहेरचा बांध राखणे त्यांच्या शिरी असे. आजच्या मालकाने घेणे तेवढे लक्षात ठेवले, देणे विसरला. कोणी तर बांध फुटण्याचीच वाट पाहतात. जमीन नापीक ठरली की कोळंबीची तळी खणायला मोकळे!

कोणी म्हणेल, सरकारच्या हवाली करा म्हणजे झाले. बाबांनो, घाई नको. भंडारा-चांद्याकडे कोहळी बांधवांनी आपल्या अकलेने बांधलेली हजारो तळी मालगुजारांच्या मालकीची होती. 1951 साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. पण देखभाल करणारा हात सुटला आणि तळ्यांत गाळ साचला. चिपळुणातील तिवऱ्याचे धरण तर सरकारीच होते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले, वीसावर माणसे गेली, आणि मंत्रिमहाशयांनी दोष दिला खेकड्यांना! खेकडा बीळ पाडतोच, तो त्याचा धर्म. ते बीळ वेळेवर बुजवायला पगारी माणसे कशासाठी ठेवली होती?

2021 साली दिल्लीत धरण सुरक्षेचा कायदा झाला. मालक सरकार असो वा कंपनी, पावसाळ्याआधी व नंतर तपासणी आणि दुरुस्तीचा पैसा त्याच्याच माथी. कायदा चांगला, पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना, अथवा दहा ते पंधरा मीटरच्या काही मोठ्या धरणांना लागू. आमचा बांध पुरुषभर उंच. त्याच्यामागे शंभर घरांचे पोट असले तरी कायद्याच्या लेखी तो धरण नव्हे. 1979 चा खारभूमीचा कायदा आहे, खाते आहे; तरी खासगी बांध मालकाच्या मर्जीवर लोंबकळतो.

आम्ही मास्तर माणसे, साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडतो. आज बीळ बुजवायला दोन गड्यांचा एक दिवस. उद्या खांड बुजवायला साऱ्या गावाचा महिना. आणि वर तीन वर्षांचे भात गेले ते निराळेच. धुळ्याकडे पांझरेच्या बंधाऱ्यांवर फडाचे शेतकरी स्वतःच पाटकरी नेमीत, पाट साफ करीत, पाण्याचे वाटे ठरवीत. तिकडचे कुणबी जे करू शकले ते आमच्या वाडवळ, भंडारी, मांगेले, आदिवासी घरांना का जमू नये? मात्र फुकट टोपल्या उचलू नका! खंड घेणाऱ्याने खर्च द्यावा. माती कुठे पडली व पैसा कुठे गेला हे कुळांनी पाहावे.

तेव्हा चैत्रातल्या ओहोटीला दहा जणांनी बांधावरून चालत जावे. बिळे, पाझर, झडपा वहीत टिपाव्यात आणि ती वही ग्रामसभेत मालकासमोर वाचावी. तो आला नाही तर नक्कल तहसीलदारांकडे द्यावी व पोच घ्यावी. वही लिहून द्यायला आम्ही आहोत.