समुद्रावरचा सौदा

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. परंतु हौस विकणाऱ्याने तिचे मोल आधीच ठरविलेले असते. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले सुटीत क्रूझवर, म्हणजे सहलीच्या जहाजावर, जातात आणि वडीलधाऱ्यांनाही आग्रहाने नेतात. इंदूर-बडोद्याकडच्या आजी-आजोबांनाही त्यामुळे हा योग येतो, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र काही जहाजांवर आणखी एक वस्तू विक्रीस मांडलेली असते. ती म्हणजे 'व्हेकेशन क्लब'चे सदस्यत्व. नातवंडांचे हसरे चेहरे पाहून अशा वेळी आजोबांचा हात निवृत्तीच्या पुंजीकडे वळतो. म्हणून या सौद्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल डिस्नेचा क्लब घेऊ. तो १९९१ साली फ्लोरिडात सुरू झाला. याच कंपनीचे पहिले जहाज १९९८ साली प्रवासास निघाले. जहाजावर क्लबचे टेबल असते, माहिती देणारी सभा भरते आणि तिथेच सही करणाऱ्यास बहुधा काही सवलत देऊ केली जाते. सदस्याला घर मिळत नाही. एखाद्या निवासस्थळातील हिश्शाचा हक्क ठराविक मुदतीपुरता मिळतो आणि त्यापोटी दरवर्षी पॉइंट जमा होतात. आमच्या शाळेच्या भाषेत त्यांना गुण म्हणावे. खोली मोठी आणि हंगाम गर्दीचा, तर गुण अधिक खर्ची पडतात. मुदत सरली की हक्कही सरतो. आरंभीच्या काही निवासस्थळांचे करार ३१ जानेवारी २०४२ रोजी संपणार आहेत.

आता पाटी पुढे ओढू. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, २०० डॉलर दराने १५० पॉइंट घेतले. ३०,००० डॉलर झाले. मुदत ४० वर्षांची धरली, तर वर्षाला ७५० डॉलर पडतात. सौदा स्वस्त वाटतो. परंतु निवासस्थळाच्या देखभालीची वार्षिक वर्गणी निराळी असते. ती पॉइंटमागे ९ डॉलर धरली, तर वर्षाला १,३५० डॉलर, आणि ४० वर्षांत, ती एका पैशानेही न वाढता, ५४,००० डॉलर होतात. म्हणजे वर्गणी मूळ किमतीहून भारी ठरली. त्यातून ती वाढत जाते आणि सहलीस न गेलेल्या वर्षीही भरावीच लागते. गुंतलेल्या रकमेवर बुडालेले व्याज तर आपण अद्याप मोजलेलेच नाही.

जहाजावर भेटलेला हा क्लब जहाजाच्या प्रवासासाठी उपयोगी पडेल, अशी अनेकांची समजूत होते. पॉइंट देऊन क्रूझ घेता येते, हे खरे. पण पॉइंटचा तो सर्वांत तोट्याचा उपयोग समजला जातो. तेच पॉइंट क्लबच्या निवासस्थळी खर्चले, तर मोबदला पुष्कळ अधिक मिळतो. जुन्या सदस्याकडून पॉइंट सामान्यतः बरेच स्वस्त मिळतात. २१ मार्च २०११ नंतर अशा रीतीने घेतलेल्या पॉइंटवर क्रूझ मिळत नाही, आणि २०१९ नंतरच्या खरेदीस काही नवी निवासस्थळेही बंद आहेत. तेव्हा केवळ क्रूझच्या आशेने कंपनीकडून चढ्या दराने पॉइंट घेण्यात शहाणपण नाही.

मग हे सदस्यत्व कोणाच्या हिताचे? जे कुटुंब आजही त्याच ठिकाणी वर्षाआड तरी जाते, मोठ्या खोलीत उतरते, रोख पैसे देऊ शकते आणि बेत फार आधी आखते, त्याच्या हिताचे ते होऊ शकेल. ज्या निवासस्थळाचा हक्क घेतला तिथली खोली ११ महिने आधी राखता येते. क्लबच्या इतर ठिकाणी ७ महिने आधी. ज्याची रजा साहेबाच्या मर्जीवर आणि मुलांच्या परीक्षांवर अवलंबून, त्याने या वाटेस जाऊ नये. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये.

उत्साहाच्या भरात सही झालीच, तर हातपाय गाळू नयेत. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार असा करार १० दिवसांच्या आत रद्द करता येतो. ही मुदत सहीपासून किंवा शेवटचे कागद हाती आल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल त्यापासून मोजतात. घरी परतल्यावर बॅगा उघडण्याआधी ते कागद उघडावेत.

आपल्याकडेही २५ वर्षांच्या मुदतीचे हॉलिडे क्लब आहेत आणि त्यांनाही वार्षिक वर्गणी आहे. तिथे फसवणूक झाल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. त्यासाठी बेळगावच्या किंवा ग्वाल्हेरच्या माणसाला कंपनीच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. सौदा देशातला असो वा परदेशातला, विक्रेत्याला आधी विचारावे: वर्गणी गेल्या दहा वर्षांत किती वाढली, आणि उद्या हे सदस्यत्व विकायचे झाल्यास किती पैसे हाती येतील? उत्तर लेखी मिळाल्याविना पेन उघडू नये.