दोन सीटची गाडी आणि उलटा दरवाजा

कुर्ल्यातल्या एका गॅरेजात आम्ही अधूनमधून जाऊन बसतो. काम असतेच असे नाही. पण मोटारींच्या धंद्यात काय चालले आहे हे कळायला याहून बरी जागा नाही. मागे एकदा तिथल्या उस्तादांचा पुतण्या लंडनहून सुट्टीवर आला होता. त्याने मोबाईलवर एका इवल्याशा गाडीचा फोटो दाखवला. दोनच सीट, अंग प्लास्टिकचे आणि दोन्ही दरवाजे सताड उघडे. उस्तादांनी फोटो जवळ घेतला, मग लांब धरला आणि म्हणाले, "अरे, एका बाजूचा दरवाजा उलटा बसवलाय यांनी. कब्जे मागे गेलेत." पुतण्या म्हणाला, "नाही चाचा, कंपनीतूनच तशी येते."

ती गाडी सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची ‘अमी’. २०२० साली बाजारात आली. लांबी २.४१ मीटर, वेग ताशी ४५ किलोमीटर, बॅटरी साडेपाच किलोवॅट-तासाची आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला सुमारे ७५ किलोमीटर. फ्रान्समध्ये चौदा वर्षांचा मुलगाही ती चालवू शकतो. बनते मात्र मोरोक्कोतल्या केनित्रा शहरात. सुरुवातीची किंमत ६,००० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण पावणेपाच लाख रुपये.

या गाडीच्या ड्रायव्हरच्या दरवाजाची बिजागरी मागच्या बाजूला आहे आणि शेजारच्या प्रवाशाच्या दरवाजाची नेहमीप्रमाणे पुढे. पाहणाऱ्याला ही फॅशन वाटते. आमच्या मते यात फॅशन कमी आणि हिशेब जास्त आहे. डाव्या बाजूचा दरवाजा काढून, तो उभ्या उभ्या फिरवून उजव्या बाजूला लावला तर काय होईल? बाहेरचे अंग बाहेरच राहील, फक्त पुढची कड मागे जाईल. अमीमध्ये हेच केले आहे. दोन्ही बाजूंना एकच दरवाजा, एकच काच, एकच साचा. पुढचा आणि मागचा बंपरही तसाच, एकाच साच्यातला. ज्यांनी प्लास्टिक मोल्डिंगचे किंवा प्रेसचे काम केले आहे त्यांना साच्याला किती पैसे लागतात ते सांगायला नको. दोनाऐवजी एक साचा, आणि गोदामात दोन पार्टनंबरांऐवजी एक.

तेव्हा पहिला प्रश्न असा की या बचतीतून गिऱ्हाइकाला काय मिळते आणि त्याच्या गळ्यात काय पडते.

मागे बिजागरी असलेला दरवाजा ही काही नवी वस्तू नाही. १९३६ सालची फियाटची ‘टोपोलिनो’ दोन सीटचीच होती आणि तिचे दरवाजे असेच उघडत. इंग्लंडची एम.जी. टी.सी. ही १९४५ ते १९४९ या काळातली उघडी दोन सीटची गाडी, तिचेही तसेच. ज्या पियाजिओ कंपनीच्या मालवाहू रिक्षा आपल्या बारामतीत बनतात, तिच्या व्हेस्पा नावाने फ्रान्समध्ये १९५७ साली ‘व्हेस्पा ४००’ ही छोटी मोटार निघाली. दोन सीट, मागे सामानाची जागा आणि उलटे दरवाजे. त्याच वर्षी आलेल्या फियाट ५०० लाही तसेच दरवाजे होते. १९६५ साली फियाटने ते बदलून बिजागरी पुढे आणली. गंमत अशी की याच गाडीचे सामान नेण्याजोगे लांब मॉडेल, ‘जार्डिनिएरा’, १९७७ साली बंद होईपर्यंत जुन्याच उलट्या दरवाजांनी विकले गेले.

मग जुन्या लोकांना त्यात काय सोयीचे वाटत होते? उत्तर गाडीत बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन सीटच्या गाडीत मागचा दरवाजा नसतो आणि सीट दरवाजाच्या चौकटीच्या मागच्या कडेला लागून असते. नेहमीच्या दरवाजात सर्वांत मोठी फट मागे पडते आणि पुढे, जिथून पाय आत न्यायचे असतात, तिथे ती निमुळती होत जाते. बिजागरी मागे नेली की मोठी फट पायांपुढे येते. पाठ करून सीटवर टेकायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना पाय आधी बाहेर, समोर काही आडवे नाही, आणि सरळ उभे राहायचे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना, साडी किंवा बुरखा सावरून उतरणाऱ्या बायकांना, काठी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्यांना ही पद्धत सोपी जाते. रोल्स-रॉइससारखी कंपनी २०१३ सालच्या ‘रेथ’ गाडीत हेच दरवाजे देते, त्यामागे ऐट आहे हे खरे, पण बसण्या-उतरण्याची सोयही आहे. मात्र असा दरवाजा पूर्ण उघडला की त्याची कडी हाताच्या टप्प्यातून जाते, ओढायला वाकावे लागते. रोल्स-रॉइसने त्यासाठी बटण दाबून दरवाजा लावणारी मोटर बसवली. सहा हजार युरोच्या गाडीत तो लाड कोण करणार?

सोय ही अशी. आता भीतीचे पाहू.

इंग्रजीत या दरवाजाला ‘सुइसाइड डोअर’ म्हणतात आणि हे नाव उगाच पडलेले नाही. नेहमीचा दरवाजा चालत्या गाडीत अर्धवट उघडला तर समोरचा वारा तो पुन्हा दाबून धरतो. उलटा दरवाजा उघडला तर तोच वारा आत शिरतो आणि दरवाजा खेचून पार मागे नेतो. कडीला हात लावलेला माणूस त्याच्याबरोबर ओढला जातो. सीटबेल्ट नव्हते त्या काळात याचा अर्थ काय होत असेल ते वाचकांनीच समजून घ्यावे.

मुंबईच्या जुन्या लोकांना हे ऐकून नाही, बघून माहीत आहे. १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाट ११०० चे पुढचे दोन्ही दरवाजे उलटे होते. तिच्या आकारावरून गॅरेजवाल्यांनी तिला एक टोपणनाव दिले होते. ते सर्वांना ठाऊक आहे, इथे छापत नाही. आमच्या घरात मामूंकडे ती होती, विकत घेतली तेव्हाच चार हात फिरलेली. एकदा महाडहून येताना पुढच्या सीटवर बसलेल्या आमच्या हाताचा कोपर कडीवर पडला. दरवाजा असा झटकन गेला की पत्रा मागच्या दरवाजावर आपटल्याचा आवाज आजही कानात आहे. मामूंनी एका हाताने आमची कॉलर पकडली आणि दुसऱ्याने गाडी कडेला घेतली. त्या दिवसापासून विकेपर्यंत त्या दरवाजाला आतून दोरी बांधलेली असे. पुढे आलेल्या पद्मिनीला हा त्रास नव्हता, तिच्या बिजागऱ्या पुढे होत्या.

पण न्याय करायचा तर तो वेग पाहून करावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला एक चौरस मीटरच्या दरवाजावर वाऱ्याचा पूर्ण दाब बसला तर तो साधारण ३८ किलो वजनाइतका होतो. ४५ च्या वेगाला तो साडेनऊ किलोवर येतो. साडेनऊ किलो म्हणजे काहीच नाही असे नव्हे, बेसावध पोराच्या हातातून दरवाजा सुटेल. पण मोठ्या माणसाला बेल्ट लावलेला असेल तर तो सीटवरून फेकला जाणार नाही. शहरात ४५ च्या पुढे न जाणाऱ्या गाडीला जुन्या फियाटचा गुन्हा जसाच्या तसा चिकटवणे बरोबर नाही. हायवेवर जाणाऱ्या दोन सीटच्या गाडीला मात्र ही सवलत देता येत नाही.

शिवाय आता कडीचे तंत्रही पुढे गेले आहे. २००४ साली जिनिव्हात ठरलेल्या मोटारींच्या जागतिक तांत्रिक नियमांत, स्वतंत्रपणे उघडणाऱ्या उलट्या दरवाजासाठी दोन अटी आहेत. गाडीचा वेग ताशी ४ किलोमीटर झाला की आतली कडी निकामी झाली पाहिजे, आणि दरवाजा नीट लागला नसेल तर चालकाला इशारा मिळाला पाहिजे. अडचण अशी की अमीसारखी गाडी युरोपात मोटार या वर्गात मोडतच नाही, ती हलकी क्वाड्रिसायकल. तिचे नियम वेगळे, सौम्य. म्हणजे ज्या गाडीत बचतीसाठी उलटा दरवाजा येण्याची शक्यता जास्त, तिच्यावरच पहारा कमी.

उभ्या गाडीचा धोका वेगळा आहे आणि आमच्या शहरांत तोच मोठा आहे. रस्त्याच्या बाजूला दरवाजा उघडला आणि मागून स्कूटर आली तर नेहमीचा दरवाजा पुढे मुरगळतो, कब्जे तुटतात, स्कूटरवाला पडतो. उलट्या दरवाजात स्कूटर दरवाजाच्या बाहेरच्या अंगावर आदळते आणि दरवाजा बंद होण्याच्या दिशेने रेटला जातो. त्यामुळे स्कूटरवाला कदाचित घसटून वाचेल, पण उतरणाऱ्याचा पाय दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये सापडेल. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये २०२२ साली असा सल्ला घातला गेला की दरवाजा त्याच्यापासून लांबच्या हाताने उघडावा, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागचे दिसते. उलट्या दरवाजाची कडी डॅशबोर्डाजवळ असते. तिथे लांबचा हात नेला तरी मान पुढेच राहते. ही उणीव कुठल्या लॉकने भरून निघत नाही.

इथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली ती सांगतो. फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. अमीचा डावा दरवाजा उलटा, म्हणजे तिथे तो नेमका रहदारीच्या बाजूला उघडतो. लंडनमध्ये हीच डाव्या स्टिअरिंगची गाडी विकली गेली, आणि तिथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. तेव्हा उलटा दरवाजा फुटपाथच्या बाजूला आला आणि साधा दरवाजा रहदारीच्या. पुतण्याला हे विचारले तर तो म्हणाला, उतरायला छान वाटते, पण पुढची गाडी ओलांडताना काही दिसत नाही. ते स्टिअरिंगचे दुखणे, दरवाजाचे नव्हे. आपल्याकडे कोणी उजव्या स्टिअरिंगची अशी गाडी काढली आणि उलटा दरवाजा डावीकडेच ठेवला, तर तो प्रवाशाच्या, म्हणजे फुटपाथच्या बाजूला येईल. उतरणारी बहुधा घरातली वडीलधारी माणसे. सोय त्यांना आणि धोका बराच कमी. हीच मांडणी कोणी उलट केली, डावीकडचा उजवीकडे नेला, तर आम्ही ती गाडी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

अमी आपल्याकडे विक्रीला आलेली नाही. पण छोट्या गाडीचा विचार इथेही चालू आहे. वाळूजला बनणाऱ्या बजाजच्या क्यूटला २०१८ साली खासगी वापराची वाट मोकळी झाली, आणि पुण्याच्या वेव्ह कंपनीने २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात दोन मोठे आणि एक लहान मूल बसेल अशी ‘इव्हा’ मांडली. उद्या कोणी साच्याचा खर्च वाचवायला निघाला तर दरवाजाची युक्ती त्याला सुचणारच. टाटांनी २००९ साली नॅनो काढली तेव्हा एकच वायपर दिला, चाकाला तीनच नट ठेवले, पण दरवाजे चारही सरळ ठेवले. तो निर्णय आम्हाला शहाणपणाचा वाटतो. चार सीटच्या, पोराबाळांनी भरलेल्या गाडीत दुसरे काही शोभले नसते.

आता आमच्या डेंटर-पेंटर बांधवांचे. अमीचे अंग रंग मुरवलेल्या प्लास्टिकचे आहे. ठोकायला पत्रा नाही, मारायला स्प्रे नाही. दरवाजा फुटला तर नवा मागवायचा, आणि तो कुठल्याही बाजूला चालतो. दुकानदाराला हे सोन्यासारखे आहे, कारण एकच वस्तू ठेवून दोन गिऱ्हाइके सांभाळता येतात. डेंटरचे पोट मात्र यावर चालणार नाही. आम्ही उस्तादांना तसे म्हटले. ते म्हणाले, "कब्जे आणि लॉक तर राहणारच ना? उलट्या दरवाजाचे सगळे ओझे लॉकवर. दर सहा महिन्यांनी लॉक बघायलाच लागणार. पोरांनी पत्र्याबरोबर लॉकही शिकावे." जुन्या फियाटची लॉके त्यांनी आपल्या हाताने घासून बसवली आहेत, तेव्हा हा शब्द हलका घेण्यासारखा नाही.

अशी गाडी कधी शोरूममध्ये आली तर दराची घासाघीस करण्याआधी आमच्या वाचकांनी एवढे करावे. उलटा दरवाजा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. डीलरच्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालण्याच्या वेगाने पुढे घ्यावी, आणि त्याच्या बाजूला उलटा दरवाजा असेल तर त्याला आतली कडी ओढायला सांगावी. तो ओढायला तयार झाला नाही, तर उठून घरी यावे.