एकटा जीव, गिटारी चार

ड्रमर ऑनसाइट गेलाय, बेसिस्टचं लग्न झालंय आणि उरलेला गिटारिस्ट म्हणजे तुम्ही. ओळखीची सिच्युएशन? नोकरी लागल्यावर निम्म्या बँड्सची हीच स्टोरी होते. मग शनिवारच्या कॅफे गिगला एकट्यानेच जायचं, तर कॉर्ड्स वाजवायच्या की लीड? दोन्ही हवं असेल तर लूपर घ्या.

लूपर म्हणजे काय बुवा, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: पायाने दाबायचं छोटं यंत्र. एकदा दाबलं की तुम्ही वाजवताय ते रेकॉर्ड व्हायला लागतं, पुन्हा दाबलं की तेवढा तुकडा गोल गोल वाजत राहतो आणि त्यावर आणखी थर चढवता येतात. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो ना, तेच काम. फक्त इथे लेहरा धरणारेही तुम्ही आणि सोलो वाजवणारेही तुम्हीच.

आयडिया नवी नाही. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७३ च्या अल्बमसाठी दोन टेपरेकॉर्डर जोडून हाच उद्योग केला होता. २००४ मध्ये केटी टन्स्टल बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या शोमध्ये एक गिटार आणि पायाशी अकाईचा हेडरश घेऊन उभी राहिली आणि एकटीने अख्खं गाणं उभं केलं. एड शीरन तर २०२५ च्या जानेवारीत पुण्यातच येऊन गेला. तेव्हापासून ‘कुठला घेऊ?’ विचारणारे मित्र वाढलेत. त्यांना मी आधी एवढंच सांगतो, की शीरनचा लूपर खास त्याच्यासाठी बनवलेलं धूड होतं. ते विसरा.

दुकानात पहिली गोष्ट सांगतात ती रेकॉर्डिंगचा वेळ. टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो पाच मिनिटं, बॉसचा आरसी-१ बारा मिनिटं, आरसी-५ तब्बल तेरा तास! तेरा तासांत काय भरणार आहात? हिशोब करा: १२० च्या टेम्पोला आठ बार म्हणजे सोळा सेकंद. कॅफेतल्या गाण्याला एवढा लूप पुष्कळ झाला. आरसी-५ मध्ये ९९ लूप साठवता येतात, ते मात्र कामाचं, घरी सुचलेल्या चाली ठेवायला. स्टेजवर घरून भरून आणलेला लूप वाजवणं मला स्वतःला कॅराओकेसारखं वाटतं. पण हे माझं मत, भांडू नका.

खरा घोळ आहे तो थांबवण्याचा, आणि त्याबद्दल काउंटरवर कुणी अवाक्षर काढत नाही. डिट्टो, आरसी-१ यांना बटण एकच. थांबवायचं तर पटकन दोनदा दाबायचं. लूप थांबतो तो दुसऱ्या दाबाला. म्हणजे पहिला दाब समेवर पडला, तर शेवटानंतर पुढच्या कॉर्डची शेपटी ऐकू येते. बेडरूममध्ये हे खपतं. गाणं छान झालंय, लोक टाळ्यांसाठी हात उचलतायत आणि तेवढ्यात गिटार एक उचकी देते, तेव्हा समजतं. उपाय? दुसरा दाब समेवर पाडायची सवय करा, नाहीतर थांबवायला वेगळं बटण असलेलं मॉडेल घ्या. डिट्टो एक्स-२ मध्ये ते आहे. आरसी-१ आणि आरसी-५ ला बाहेरून फूटस्विच जोडता येतो. महिन्यातून दोन गिग असतील तर त्यावर पैसे घाला, तासांवर नको.

सुरुवातीलाही सम सांभाळायचीच. दुसरा दाब जिथे पडतो तिथे लूपची लांबी ठरते. किंचित उशीर झाला तर प्रत्येक फेरीला लंगडतो. आणि चुकीचा सूर गेला तर तो दर सोळा सेकंदांनी हजेरी लावतो. त्यासाठी अनडू असतं, पण ते शेवटच्या थरापुरतं. कुठलाही लूपर बघताना अनडू कसं होतं, ते आधी विचारा. काहींत दुसऱ्या दाबाला सरळ ओव्हरडब सुरू होतं, काहींत आधी नुसतं प्ले. सवय एकाची आणि हातात दुसरा असला की वाट लागते.

गाणं आणि बीटबॉक्सिंगही लूप करायचंय? मग गिटारचा छोटा पेडल चालणार नाही, माइक थेट लागेल असं मशीन बघा. बॉसच्या आरसी-५०० ला माइकचं इनपुट आहे, दोन ट्रॅकही आहेत. नुसत्या गिटारसाठी मात्र ते जरा जास्तच.

जोडणीत लूपर शेवटी ठेवा, डिस्टॉर्शनच्या नंतर. आधी ठेवलात तर लूप आणि लीड दोन्ही एकाच डिस्टॉर्शनमधून जातात आणि खिचडी होते. पॉवरही शक्यतो स्वतंत्र द्या. एकाच अॅडॉप्टरवर सगळी माळ लावली की डिजिटल पेडल कुईं करायला लागतात.

आणि हो, उद्या ड्रमर परत आला तर? लूप ड्रमरचं ऐकत नाही. ड्रमरनेच लूपचं ऐकायचं असतं, त्यामुळे त्याच्या मॉनिटरमध्ये लूप मोठ्याने हवा. इगो असलेल्या ड्रमरला हे आधीच सांगून ठेवा.

विकत घेताना ऑनलाइन क्लिक करू नका. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात जा आणि चार बारचा लूप दहा वेळा सुरू करून दहा वेळा थांबवा. दुकानदार वैतागला तरी चालेल. फक्त जाताना चप्पल घालून जाऊ नका, गिगला घालता तेच बूट घाला.