वाचता वाचता : न सांगितलेलं नाव

मंडळी, शाती अल कुर्मवरून रुवीकडे जाताना रॉयल ऑपेरा हाउसची पांढरी इमारत आपण सगळेच बघतो. २०११च्या ऑक्टोबरमध्ये तिथला पडदा पहिल्यांदा उघडला तो पुच्चिनीच्या 'तुरांदोत'नं. गोष्ट परीकथेतली. राजकन्येची तीन कोडी सोडवेल त्याच्याशी लग्न, चुकेल त्याचं शिर धडावेगळं. कालाफ कोडी सोडवतो आणि उलट तिलाच पेच घालतो : पहाटेपर्यंत माझं नाव ओळखून दाखव.

ते नाव लिऊ या दासीला ठाऊक असतं. तिचं कालाफवर प्रेम आहे. कारण एवढंच, की एकदा राजवाड्यात तो तिच्याकडे बघून हसला होता. तिचा छळ होतो, पण ती नाव सांगत नाही. शिपायाचं खंजीर हिसकावून स्वतःला संपवते. ऑपेराला नाव राजकन्येचं, पण डोळे पुसले जातात लिऊसाठी.

ध्वनिचित्रफीत बघताना मला आठवली ती 'एकच प्याला'तली सिंधू. दारुड्या सुधाकरासाठी दळणं दळणारी, माहेरचा आधार नाकारणारी, आणि त्याच्याच हातून जीवघेणा मार खाऊन मरताना त्याचं नाव न सांगणारी. एकीनं नाव लपवलं, दुसरीनं गुन्हा. योगायोग असा, की दोघींच्या निर्मात्यांना त्या रंगमंचावर दिसल्याच नाहीत. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले, नाटक त्यानंतर उभं राहिलं. पुच्चिनी १९२४मध्ये ऑपेरा अपुरा ठेवून गेला. १९२६च्या पहिल्या प्रयोगात तोस्कानिनीनं लिऊच्या मृत्यूनंतर वाद्यवृंद थांबवला.

माझी लेक टॉल्किनची भक्त. तिला सिंधूची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आई, मग आर्वेन बरी." आर्वेन एल्फ, म्हणजे अमर. माणसावर प्रेम जडलं म्हणून ती अमरत्व सोडते. आरागॉर्नबरोबर एकशे वीस वर्षं सुखात राहते आणि तो गेल्यावर एकटी मरते. शेवट तिचाही दुःखाचाच. पण तिच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि बदल्यात तिला एक आख्खा संसार मिळाला. लिऊला मिळालं एक हसू. सिंधूला तेवढंही नाही.

मी सिंधूची बाजू घ्यायला गेले, "अगं, तो काळच तसा होता." पण त्याच नाटकात तळीरामाची गीता आहे की! फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. तिला आपण हसतो, रुमाल काढतो तो सिंधूसाठी. म्हणजे गप्प राहणारीलाच आपण नायिका ठरवलं. यात काळाचा दोष किती आणि प्रेक्षकांचा किती?

हा प्रश्न मला इथं, मस्कतमध्ये, जास्त टोचतो. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, माहेर समुद्रापलीकडे. पहिल्या वर्षी आईचा फोन आला, की मीही "इथं सगळं छान आहे" म्हणायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायचे. माझं दुःख एकटेपणाचं होतं, ते सरलं. सगळ्यांचं तेवढंच असेल असं नाही.

तेव्हा या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन कुणाकडे गेलात आणि ती घाईघाईनं "सगळं छान" म्हणाली, तर लगेच उठू नका. अजून एक चहा मागा.