कुठं निघालास एवढ्या सकाळी?

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. ‘अण्णांचा रिपोर्ट आलाय. ती तीन महिन्यांची साखर असते ना, ती नऊच्या घरात गेलीय. डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास चाला. हे म्हणतात, बघू. तूच येऊन सांग बाबा, तुझं ऐकतात ते.’

झालं! शुक्रवारी रात्री हिंजवडीतून निघालो आणि अहिल्यानगर, पाथर्डी करत पहाटे गेवराईला पोचलो. वडिलांना व्यायामाचं महत्त्व पटवून द्यायला. कोण? तर मी. ज्याने जानेवारीत जिमचे वर्षाचे १२,६०० रुपये एकरकमी भरले आणि आतापर्यंत मोजून ९ वेळा तिथं पाऊल टाकलं. हिशेब करा, एका फेरीला १,४०० रुपये पडले. एवढ्यात आठवडाभराचं जेवण होतं, तेही स्वीट डिशसकट.

हसू नका. तुमच्या पाकिटातही एक कार्ड असणार. अमेरिकेत दोन अर्थतज्ज्ञांनी हाच हिशेब मांडला होता, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर फी भरणारे मेंबर इतके कमी वेळा जात होते की त्यांना एक खेप सतरा डॉलरच्या वर पडत होती. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेऊन गेलं असतं तर खेपेला दहा डॉलर पुरले असते! पेपरचं नावच मुळी ‘जिमला न जाण्याचे पैसे’ अशा अर्थाचं होतं. म्हणजे फी भरताना आपण व्यायाम विकत घेत नाही, ‘उद्यापासून नक्की’ हे फीलिंग विकत घेतो.

असो. शनिवारी पावणेसहाला अण्णांना उठवलं. ते आधीच जागे होते. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, त्याला कसला अलार्म! पण घराबाहेर पडायला तयार नाहीत. शेवटी म्हणाले, ‘अरे, रस्त्यात चार जण विचारणार, कुठं निघालात गुरुजी? काय सांगू?’

‘चालायला निघालो, असं सांगा.’

‘चालायला निघालो? कुठं?’

पुण्यात हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथं ट्रॅकपँट घातली की तुम्ही सुटलात. गेवराईत सकाळी रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला कुठंतरी पोचायचं असतं. कुणी शेतावर चाललेला, कुणी स्टँडवर बीडची गाडी धरायला. आणि ज्या तालुक्यातून दर दिवाळीनंतर माणसांचे ट्रक भरून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात, तिथं घाम मुद्दाम काढायचा ही कल्पनाच मुळात विनोदी. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. आमच्या नात्यातल्या एक काकू अनेक सीझन करून आल्यात. त्यांना मी जिमच्या ट्रेडमिलबद्दल सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. ‘म्हंजे पैशे दिऊन जागच्या जागी चालायचं?’ त्यांची कंबर कायमची गेलीय, हे इथं सांगायला हवं. मेहनत आणि व्यायाम ही एकच गोष्ट नाही. जे शरीर झिजवतं त्याला आपण उगाच ‘नॅचरल फिटनेस’ वगैरे म्हणून मोकळे होतो.

पण मधल्या पिढीचं काय? आजोबा नांगर धरायचे. अण्णा खुर्चीवर बसले. मी तर खुर्चीतून उठतच नाही. आजोबांची भाकरी आणि गूळ मात्र तीनही पिढ्यांत तसाच उतरला. देशात मधुमेहाचे १०.१ कोटी पेशंट आहेत, असा आयसीएमआरच्या मदतीने झालेल्या पाहणीचा अंदाज २०२३ साली आला. साखरेच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३.६ कोटी. त्यात तुमच्या क्युबिकलमधला कुणीतरी आहेच. बहुधा त्याला अजून ठाऊक नाही.

लंडनमधल्या दुमजली बसची गोष्ट मी अण्णांना सांगितली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ साली प्रसिद्ध केलं की बसच्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो, कंडक्टरांना बराच कमी. बस तीच, पगारातही फार फरक नाही. एक दिवसभर बसलेला, दुसरा जिने चढत-उतरत तिकिटं देणारा. अण्णांना हे पटलं. भरल्या एसटीत गर्दीतून वाट काढत तिकिटं देणारा कंडक्टर त्यांनी जन्मभर पाहिलाय. ‘खरंय, आपल्याकडचे ड्रायव्हरच जास्त सुटलेले असतात,’ असा स्वतःचा पुरावाही जोडला.

आम्ही निघालो. कॉलेजकडच्या रस्त्याला अंधारात पोरं पळत होती. तीस-चाळीस तरी असतील. पाचसहा मुलीही. पोलीस भरती! मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे जा, हे दिसणार. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण ५० मार्क, त्यातले २० एकट्या लांब धावण्याला. या पोरांना मोटिव्हेशनचं लेक्चर कुणी देत नाही. फाटके बूट, खिशात भिजवलेले हरभरे आणि एक तारीख.

आणि वर बीड जिल्ह्याचाच अविनाश साबळे! आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर चालत-पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं, २०२३ मध्ये हांगचौ एशियाडमध्ये मिळालं, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल गाठली. आपल्याला वाटतं असा माणूस पाळण्यातूनच पळत आला असेल. तर तसं नाही. स्पर्धेत धावणं त्याने सुरू केलं ते सैन्यात गेल्यावर, २०१५ च्या सुमाराला, म्हणजे विशीत. मला या गोष्टीने फार बरं वाटलं. (माझं वय विचारू नका.)

पण त्याच रस्त्यावर मला माझा बेंचमेट भेटला. दुकान उघडायला निघाला होता. हा आमच्या बॅचचा सर्वांत वेगवान पोरगा. पाच वर्षं भरतीसाठी पळाला. एकदा लेखीत राहिला, एकदा दोन मार्कांनी यादीतून गेला. मग वयाची अट संपली. आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्याच भरतीचे फॉर्म भरून देतो. पोट सुटलंय. मी म्हटलं, ‘पळणं बंद केलंस?’ तो म्हणाला, ‘आता कशाला पळू गड्या? कुठं निवड व्हायचीय?’

मी गप्प. कारण तो जे बोलला तेच माझंही होतं, फक्त माझ्या वेळी त्याला लग्नाचे फोटो म्हणायचे. लग्नाआधी चार महिने मी न चुकता जिमला गेलो होतो. फोटो निघाले, जिम सुटली. तारीख असली की आपण सगळेच पळतो. आणि साठाव्या वर्षी गुडघे धड असावेत, साखर नसावी, याची मेरिट लिस्ट कुठल्या साइटवर लागते?

डब्ल्यूएचओ म्हणतं आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा भरभर चाला, दोन दिवस स्नायूंना ताण द्या. हे आपल्याला तोंडपाठ आहे. ‘रोज दहा हजार पावलं’ तर १९६० च्या दशकातल्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आलं, डॉक्टरांकडून नाही. मला त्यापेक्षा लंडनच्या एका विद्यापीठातला प्रयोग कामाचा वाटतो. ९६ जणांना म्हटलं, एक नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. न्याहारीनंतर, जेवणाआधी, असं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४! आणि एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. म्हणजे आपलं ते ‘एकवीस दिवसांत आयुष्य बदला’ गेलं उडत.

अण्णांनी हा प्रयोग वाचलेला नाही. रविवारी सकाळी मी उठलो तर ते गायब. पाऊण तासाने आले, हातात दुधाची किटली. दूधवाला आमच्या दारात येतो. त्याला त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या गोठ्यावरून दूध आणलं होतं.

‘कुणी विचारलं का, कुठं निघालात?’

‘सहा जणांनी. म्हटलं, दुधाला.’

आईची कुरकुर चालू आहे, त्या दुधाला साय धरत नाही म्हणून. अण्णा मात्र पाच आठवड्यांत तीनदाच चुकलेत, त्यात एकदा पाऊस होता. रात्री जेवणानंतरही अंगणात दहा-पंधरा मिनिटं येरझाऱ्या घालतात. चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्याला इन्शुलिनची तेवढी वाट पाहावी लागत नाही, हे डॉक्टरांनी समजावल्यापासून. गोळ्या चालूच आहेत. पुढचा रिपोर्ट दोन महिन्यांनी.

मी जिम अजून रद्द केलेली नाही. पण ऑफिसची बस आता दोन स्टॉप आधी सोडतो. परवा बेंचमेटला फोन केला, म्हटलं दिवाळीला येतोय, सकाळी येशील का रस्त्याला? नुसतं चालायला. बराच वेळ बोलला नाही. मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

‘येतो,’ म्हणाला, ‘पण घड्याळ लावू नको.’