पडद्यावरचा ठिपका आणि परतीची मुदत

आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या, म्हणजे घरातील लहानथोर सर्व ज्यांना 'दादा' म्हणतात त्यांच्या, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गेल्या हिवाळ्यात पार पडल्या. दूरचे स्वच्छ दिसू लागले. परंतु वर्तमानपत्रातील बारीक टाइप चष्मा लावूनही फार वेळ वाचवेना. चाळीस वर्षे सांगलीच्या कापडपेठेत बसलेल्या माणसाला सकाळी बाजारभाव आणि रात्री पुस्तक एवढे तरी हवेच. म्हणून मी त्यांच्यासाठी दहा इंची टॅबलेट इंटरनेटवरून मागविला. किंमत १७,९९९ रुपये. सात दिवसांत बदलून किंवा पैसे परत मिळण्याची सोय. सोमवारी टॅब आला. अक्षर बोटांनी हवे तेवढे मोठे होते हे पाहून दादा इतके रमले, की दोन दिवस वहिनींना त्यांना जेवणासाठी तीनतीनदा हाक मारावी लागली.

बुधवारी रात्री त्यांच्या नातवाने टॅब हाती घेतला, खोलीतला दिवा मालवला आणि पडद्यावर संपूर्ण काळे चित्र आणले. नवा पडदा असा तपासावयाचा असतो, हे त्याचे म्हणणे. डावीकडील खालच्या कोपऱ्यात फिकट उजेड पसरलेला दिसला. मधल्या भागात, किंचित वर, एक हिरवा ठिपका चमकत होता. मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. मी दादांना बोलावून दोन्ही दोष दाखविले. माझ्या आजवरच्या सवयीप्रमाणे मला वाटले, आपण कर्तव्य केले. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "अरे, तू दाखवेपर्यंत मला काही दिसत नव्हते. आता टॅब उघडला की आधी डोळा तिकडेच जातो."

हे दोष म्हणजे नेमके काय, ते आधी सांगतो. अशा टॅबच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १२०० बिंदू असतात, म्हणजे एकूण २३ लाख ४ हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपबिंदू; म्हणजे ६९ लाख १२ हजार बारीक झडपा. मागे दिवा सतत जळत असतो आणि या झडपा त्याचा प्रकाश अडवितात किंवा सोडतात. एखादी झडप कायमची उघडी राहिली, की त्या रंगाचा ठिपका काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो. कायमची बंद राहिली, तर पांढऱ्या पानावर काळा कण दिसतो. कोपऱ्यातील उजेडाचे कारण वेगळे. पडदा आणि चौकट यांच्या बसणीत थोडा ताण राहिला, की मागचा प्रकाश कडेने पाझरतो. मात्र मान तिरकी करून पाहिल्यावर तो उजेड जागा बदलत असेल, तर तो त्या प्रकारच्या पडद्याचा स्वभाव समजावा. बदलून आणलेल्या नगातही तो असणारच. आमच्या टॅबमध्ये तो जागचा हलत नव्हता.

उत्पादकांनाही असे दोष अपरिचित नाहीत. सपाट पडद्यांसाठी २००१ साली जे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्यात दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच सदोष उपबिंदू चालत असत. २००८ मध्ये त्याची जागा नव्या मानकाने घेतली, पण वर्गवारीची कल्पना टिकून राहिली. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत एखाद्या ठिपक्याला दोष म्हणून मोजतच नाहीत. ठरावीक संख्येपुढे गेले तरच पडदा बदलून मिळतो. व्यवहारात याचा अर्थ असा, की परतीची मुदत आणि वॉरंटी या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेने एका ठिपक्यासाठीही जाता येते, दुसरीने बहुधा नाही. "वर्षाची वॉरंटी आहे, सावकाश पाहू," असे म्हणणाऱ्याची पहिली वाट आठव्या दिवशी बंद झालेली असते.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची पेढी किंवा दुकान आहे, म्हणून कायद्याचे दोन शब्द. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे, माल नाकारल्याचे न कळविता ग्राहकाने तो वाजवी काळापलीकडे ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. ही झाली विक्रेत्याची बाजू. आता दुसरी बाजू. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य आपल्या कितीतरी बिलांवर पिढ्यान् पिढ्या छापलेले असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र 'दोष' या शब्दाची व्याख्याही त्याच कायद्यात आहे: कायद्याने, कराराने अथवा विक्रेत्याने स्वतः सांगितलेल्या दर्जात आलेली उणीव. आपल्या मनातील परिपूर्णतेची मोजपट्टी तेथे लागत नाही.

एवढे सारे मला ठाऊक होते, आणि टॅब परत करून पैसे घ्यावयाचे हे मी गुरुवारी दुपारीच ठरविले होते. मोबाइलवर परतीचा अर्ज उघडला. कारण निवडण्यासाठी यादी होती: वस्तू सदोष आहे, चुकीची वस्तू आली, अपेक्षेप्रमाणे नाही, अन्यत्र कमी किमतीत मिळते. 'वस्तू सदोष आहे' यावर बोट ठेवणार, एवढ्यात दादांनी विचारले, "आज हाच टॅब कितीला आहे रे?"

मी उत्तर देण्यास किंचित वेळ लावला. त्याच दिवशी सकाळी मी भाव पाहिला होता. १६,४९९ रुपये.

"म्हणजे दीड हजाराने उतरला. आणि चढला असता तर? एकोणीस हजार झाला असता, तर केला असतास परत?"

दादांनी हा प्रश्न आवाज न चढविता विचारला, आणि मला एकदम आमच्या बँकेतील परकीय चलन विभागाचे टेबल आठवले. आयात-निर्यातीच्या एल.सी. व्यवहारात बँक माल पाहत नाही, कागद पाहते. कागदपत्रे एल.सी.च्या अटींशी जुळतात की नाही हे तपासण्यास सध्याच्या नियमांप्रमाणे बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस मिळतात. नावातील एक अक्षर, वजनातील एक आकडा, विम्याची एक तारीख, काहीही चुकले तरी विसंगती नोंदविली जाते आणि ती माफ करावयाची की नाही हे आयातदाराला विचारले जाते. बाजार तेजीत असे तेव्हा आमचे आयातदार अशा विसंगती न वाचताच सही करून देत. त्याच मालाचा भाव वाटेत कोसळला, की तेच गृहस्थ पत्त्यातील गळलेल्या स्वल्पविरामावर बोट ठेवून कागद नाकारण्याचा आग्रह धरीत. एकदा एका प्रतिष्ठित ग्राहकाने असा आग्रह धरला, तेव्हा मी शाखाधिकाऱ्यांसमोर म्हणालो होतो, "साहेब, यांना दोष आज दिसला नाही, भाव आज दिसला." त्या वाक्याचा मला पुढे बरीच वर्षे अभिमान होता.

अर्ज मी तसाच बंद केला.

रात्री पुतण्या दुकान बंद करून आला. तो हल्ली साड्या इंटरनेटवरूनही विकतो. विषय निघताच त्याने परत आलेल्या पार्सलांची कहाणी सांगितली. एका साडीला अत्तराचा वास, दुसरीच्या निऱ्यांना पिनांची छिद्रे, आणि दोहोंसोबत कारण तेच: सदोष. ग्राहकाला परतीचा खर्च शून्य दिसतो. तो कोणीतरी सोसतच असतो, आणि अनेकदा तो आमच्या पुतण्यासारखा लहान विक्रेता असतो. फोडलेला टॅबही पुन्हा नवा म्हणून विकला जाऊ नये. तो उघडलेला माल म्हणून कमी भावात जातो. पूर्वी आपल्याकडे जांगडावर माल देत. पसंत पडला तर ठेव, नाही तर घडी न मोडता परत आण. जांगडात घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत, आणि ठरलेल्या दिवशी माल नाही तर पैसे पोहोचत. आता सात दिवसांचा जांगड आहे, पण समोर माणूस नाही. मग घडी मोडल्याची लाज कोणासमोर वाटावी?

परंतु याचा अर्थ, दोष असला तरी गप्प बसावे, असाही नव्हे. मी विनाकारण दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणालो, "ठेवू या. एवढ्याशा ठिपक्याने काय होते?" तर दादांनाच ते पटले नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावरून आलेला ताका ते टेबलावर उलगडून हाताने चाचपीत, आणि गाठ किंवा तुटका धागा सापडला, की आधी एकच गोष्ट पाहत. हा दोष नेसल्यावर कोठे येणार? निऱ्यांत दडणार असेल तर थोडा वटाव घेऊन माल ठेवायचा. पदरावर येणार असेल तर वटाव कितीही मिळो, माल परत. "टॅबचा पदर कोणता आणि निऱ्या कोणत्या, ते आधी पाहू," ते म्हणाले.

मग शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे खिडकीपाशी बसलो. अंधारी खोली नाही, काळे चित्र नाही. दादांनी आपले वर्तमानपत्र उघडले, नेहमीच्या अंतरावर धरले आणि ठिपका शोधू लागले. सापडेना. मीही शोधला, सापडेना. थोडा विचार केल्यावर कारण उलगडले. पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा मिळूनच होतो. पांढऱ्या पानावर तो हिरवा उपबिंदू उजळ असावयासच हवा. तेथे तो आपले काम चोख करीत होता! हाच बिंदू बंद पडलेला काळा असता, तर पानाच्या ऐन मध्यभागी कायमचा कण बसला असता. कोपऱ्यातील उजेडही दिवसा नावाला दिसत नव्हता. म्हणजे दोन्ही दोष निऱ्यांत. टॅब ठेवावयाचा, हे ठरले. मला हायसे वाटले, हेही कबूल करतो.

चहा घेऊन आलेल्या वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, "भाऊजी, पण हे रात्री कुठे पांढऱ्या पानावर वाचतात? मला झोपेत उजेड नको म्हणून काळे पान आणि पांढरी अक्षरे करून घेतात ना. अकरा-अकरा वाजेपर्यंत तेच."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. दोन तास दिवसाचे वाचन, तीन तास रात्रीचे. ठिपका पदरावर होता.

दुपारी मी पुन्हा अर्ज उघडला. कारण लिहिले: वस्तू सदोष, पडद्याच्या मध्यभागी कायम उजळ राहणारा हिरवा उपबिंदू, काळ्या पार्श्वभूमीवर वाचताना अडथळा. सोबत अंधारात काढलेले छायाचित्र. कोपऱ्यातील उजेडाचा उल्लेख केला नाही, कारण त्यासाठी मी टॅब परत केला नसता. पुढे दोन पर्याय होते: पैसे परत, किंवा बदलून दुसरा नग. पैसे परत घेऊन आजच्या भावाने नवा मागविला, तर दीड हजार सरळ वाचत होते, आणि नियमाला धरूनही होते. मी दादांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. मी 'बदलून द्या' निवडले. पुतण्याचे म्हणणे आजही असे, की येथे मी भावनेच्या भरात नुकसान केले. दोष खरा होता, मग पैसे घेण्यात गैर काय? त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु गुरुवारी त्या यादीवर माझे बोट कशासाठी गेले होते, हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते.

टॅब परत देण्यापूर्वी करावयाच्या गोष्टी घाईत राहून जातात, म्हणून येथे नोंदवितो. आपली छायाचित्रे आणि कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत, खाते टॅबमधून काढावे, मग सर्व माहिती पुसून यंत्र मूळ स्थितीत आणावे. खाते न काढता दिलेला टॅब अनेकदा पुढच्या माणसाला उघडतच नाही आणि तक्रार आपल्याच दारी येते. खोके, तार, कागद, सारे जसेच्या तसे. परतीची पोच जपून ठेवावी. विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आम्हाला तिची गरज पडली नाही.

बदललेला टॅब मंगळवारी आला. नातू काळे चित्र तयार ठेवूनच बसला होता, पण दादांनी त्याच्या हाती टॅब दिला नाही. त्या रात्री त्यांनी आपल्या नेहमीच्या काळ्या पानावर साडेअकरापर्यंत वाचले आणि सकाळी सांगितले, ठिपका नाही. कोपऱ्यात उजेड आहे का, असे मी विचारले. "तुला आता हा अंधारात मिळणार नाही," एवढेच ते म्हणाले, आणि बाजारभाव उघडून बसले.