थंडीत जुनी जीप आणि बॅटरी



पौषाची थंडी पडली, की पाचगणी-पाटणकडे जुन्या जीपा सकाळी रुसून बसतात. आपण बॅटरीला नावे ठेवतो. पण गारठ्यात इंजिनचे ऑईल घट्ट होते, स्टार्टरला जोर जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उन्हाळ्यात पाणी आटून कमजोर झालेली बॅटरी मग उघडी पडते.

आधी पाणी पाहावे. प्लेटा बुडून वर सुमारे १ सेंटीमीटर हवे. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. मिरज-वाळव्याकडच्या खारपड रानातल्या विहिरीचे तर मुळीच नको. ॲसिडही ओतू नये. आटते ते पाणी, ॲसिड नव्हे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असल्यास कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावे. थेंब आत जाता कामा नये. मग कोरडे करून, आवळून व्हॅसलीन लावावे. काढताना अर्थची वायर आधी, लावताना शेवटी. विडी मात्र लांब ठेवा, बॅटरीतून निघणारा हायड्रोजन भडकतो.

हायड्रोमीटरचा आकडा १.२६च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १.२०च्या खाली गेल्यास चार्जिंगला द्यावी. लग्नकार्याखेरीज जीप बाहेर निघत नसेल, तर आठवड्यातून अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. उभ्या उभ्या चालू करून पाच मिनिटांत बंद केली, तर सेल्फने खाल्लेली वीजसुद्धा भरून निघत नाही.

सकाळी दिवे बंद ठेवून, क्लच दाबून सेल्फ मारावा, तोही दहा सेकंदांच्या आतच. नाही लागली, तर अर्धा मिनिट दम धरा.